प्रत्येक मीटर चांगला, तरी युनिट एक तृतीयांश: उलट्या सीटीचे प्रकरण

एका यंत्रशाळेच्या वितरण पॅनेलची डागडुजी झाली. मोठा करंट ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारे जुने करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, काढून नवे बसवले, आतले वायरिंग नव्याने ओढले आणि दारावरचे मीटर साफ करून परत जागेवर लावले. दुसऱ्या दिवसापासून एनर्जी मीटर दिवसाला जेमतेम दोनशे युनिट नोंदवू लागला. त्याआधी रोजचा आकडा ६०० च्या आसपास असे. यंत्रे तीच होती, पाळीही तीच दहा तासांची. पुरवठ्याच्या बाजूला असलेल्या मुख्य मीटरवर मात्र खप पूर्वीइतकाच दिसत होता.

साहजिकच पहिला संशय पॅनेलवरच्या मीटरवर गेला. तो काढून तपासलेला दुसरा मीटर लावला; त्यानेही तोच आकडा दाखवला. मग फेरूलचे, म्हणजे तारेच्या टोकावरच्या खुणेच्या नळीवरचे, नंबर धरून प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासली. एकूण एक तार ड्रॉइंगशी जुळली. इथे काम अडले. मीटर निर्दोष, वायरिंग ड्रॉइंगबरहुकूम, आणि तरीही दोन तृतीयांश वीज पॅनेलवर नोंदलीच जात नव्हती.

पॅनेलवर काय होते, ड्रॉइंगवर काय काढले होते

पॅनेल ४१५ व्होल्ट, थ्री-फेज फोर-वायर, ५० हर्ट्झचे. इनकमर, म्हणजे पुरवठा आत घेणारा मुख्य स्विच, २०० अँपिअरचा. भार जवळजवळ सगळा थेट लाइनवर चालणाऱ्या इंडक्शन मोटारींचा. प्रत्येक फेजच्या बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्टीवर, एक सीटी, गुणोत्तर २००/५ (२०० अँपिअरला मीटरकडे ५), अचूकतेचा वर्ग ०.५, क्षमता १० व्हीए. दारावर तीन अ‍ॅमीटर, सिलेक्टर स्विचसह एक व्होल्टमीटर, एक पॉवर फॅक्टर मीटर आणि खाली तीन एलिमेंटचा (दर फेजला एक मोजणारा भाग) इलेक्ट्रॉनिक एनर्जी मीटर.

ड्रॉइंगमध्ये ही सगळी उपकरणे प्रचलित चिन्हांनी दाखवली होती. आयईसी ६०६१७ या मानकाची पद्धत सोपी आहे. क्षणाचे मूल्य काट्याने किंवा आकड्याने दाखवणारे उपकरण म्हणजे वर्तुळ, कागदावर किंवा स्मृतीत सतत नोंद ठेवणारे उपकरण म्हणजे चौरस, आणि बेरीज करत जाणारे उपकरण म्हणजे वरच्या बाजूला आडवी पट्टी असलेला आयत. आत काय मोजले जाते ते अक्षराने लिहायचे. वर्तुळात ‘ए’ असेल तर अ‍ॅमीटर, ‘व्ही’ असेल तर व्होल्टमीटर, ‘डब्ल्यू’ म्हणजे वॅटमीटर, ‘कॉस फाय’ म्हणजे पॉवर फॅक्टर मीटर, ‘एचझेड’ म्हणजे फ्रिक्वेन्सी मीटर, ओमेगा म्हणजे ओहममीटर. वर्तुळात नुसता बाण असेल तर गॅल्व्हनोमीटर. पट्टीच्या आयतात ‘डब्ल्यूएच’ लिहिले की तो एनर्जी मीटर. वर्तुळ की आयत हा फरक महत्त्वाचा आहे. वॅटमीटर आत्ताची पॉवर सांगतो, एनर्जी मीटर आजवरची वीज मोजतो, आणि अक्षरे जवळपास सारखीच असल्यामुळे घाईत दोन्हींची गल्लत होते.

सीटीचे चिन्ह म्हणजे मुख्य वाहकाची सरळ रेघ, तिच्यावर वर्तुळ किंवा वेटोळी, आणि त्यातून निघणाऱ्या सेकंडरीच्या, म्हणजे मीटरकडे जाणाऱ्या बाजूच्या, दोन तारा. या चिन्हाबरोबर आणखी एक गोष्ट काढायची असते, ती म्हणजे ध्रुवता दाखवणारे दोन ठिपके. एक प्रायमरीच्या, म्हणजे मुख्य वाहकाच्या बाजूच्या, पी-१ टोकाजवळ, दुसरा सेकंडरीच्या एस-१ टोकाजवळ. त्यांचा अर्थ असा: ज्या क्षणी प्रायमरीत करंट ठिपक्याच्या टोकाने आत शिरतो, त्याच क्षणी सेकंडरीत तो ठिपक्याच्या टोकाने बाहेर पडून मीटरकडे जातो. या पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये वर्तुळे होती, गुणोत्तर होते, तारांचे नंबर होते, एस-१ आणि एस-२ सुद्धा लिहिले होते. प्रायमरीच्या बाजूला मात्र काहीच नव्हते. ठिपका नाही, पी-१ नाही, वीज कुठून कुठे वाहते त्याचा बाण नाही.

पाच वाचने आणि एक गुणाकार

सकाळी सगळी यंत्रे चालू असताना पॅनेलवरची वाचने घेतली. आर फेज १२० अँपिअर, वाय ११८, बी १२२. दोन फेजमधले व्होल्टेज ४१५. पॉवर फॅक्टर ०.८५ लॅगिंग. या आकड्यांवरून फेजनिहाय पॉवर काढता येते. फेज ते न्यूट्रल २४० व्होल्ट धरले तर आर २४.५ किलोवॅट, वाय २४.१, बी २४.९. एकूण सुमारे ७३.५ किलोवॅट.

आता एनर्जी मीटर काय म्हणतो ते पाहायचे. त्यासाठी दिवसभर थांबायची गरज नसते. मीटरवर एक दिवा लुकलुकतो आणि शेजारी स्थिरांक छापलेला असतो. या मीटरवर तो दर युनिटला ३२०० पल्स असा होता. मीटरमध्ये सीटीच्या सेकंडरीचा करंट जातो, म्हणून गुणक २०० भागिले ५, म्हणजे ४०. सूत्र असे:

किलोवॅट = ३६०० × पल्सची संख्या × गुणक ÷ (स्थिरांक × सेकंद)

दहा पल्स मोजल्या तर वरचे सगळे आकडे एकत्र होऊन ४५० भागिले सेकंद एवढेच उरते. घड्याळ लावून दहा पल्स मोजल्या. १७.८ सेकंद लागले. ४५० भागिले १७.८ म्हणजे २५.३ किलोवॅट. ७३.५ किलोवॅट खरे असते तर दहा पल्स ६.१ सेकंदांत व्हायला हव्या होत्या. मोजताना पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणायचे. तिला ‘एक’ म्हटले तर प्रत्यक्षात नऊच अंतरे मोजली जातात आणि सुमारे अकरा टक्क्यांची चूक आपल्या हातूनच होते.

एकाच दारावरचे मीटर एकमेकांच्या विरोधात साक्ष देत होते. अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर आणि पॉवर फॅक्टर मीटर यांचा गुणाकार एक सांगत होता, एनर्जी मीटर दुसरेच. हे गणित डागडुजीनंतर वीज सोडली त्याच दिवशी केले असते तर दोन मिनिटांत लक्षात आले असते. पॅनेल चालू केल्यावर प्रत्येक मीटर सुटा सुटा ‘चालतो का’ एवढेच पाहण्याची सवय आहे. काटा हलला, आकडा आला, झाले. मीटर एकमेकांशी ताडून पाहायला हवेत, कारण प्रत्येकाची जोडणी वेगळ्या गोष्टीवर अवलंबून असते.

एक तृतीयांशाकडे जाणाऱ्या तीन वाटा

आकडा अंदाजे एक तृतीयांश आहे ही मोठी खूण होती. थ्री-फेज मीटरमध्ये हे होण्याची तीन ठळक कारणे असतात.

पहिले, सीटीचे गुणोत्तर. २००/५ च्या जागी ६००/५ चे सीटी बसले तर मीटरपर्यंत तिसरा हिस्साच करंट पोहोचतो. पण मग अ‍ॅमीटरही त्याच सीटीवर असल्याने १२० ऐवजी ४० दाखवतील. इनकमरच्या केबलला टाँग टेस्टर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती चिमटा धरून करंट मोजणारे उपकरण, लावून पाहिले. तिथेही १२० च्या आसपासच आले. म्हणजे गुणोत्तर बरोबर. टाँग टेस्टरबद्दल एक सावधगिरी इथे सांगायला हवी. स्वस्त टाँग टेस्टर सरासरी मोजून त्याला १.११ ने गुणतात, आणि तो गुणक शुद्ध साइन लहरीलाच लागू पडतो. या पॅनेलवर थेट लाइनवरच्या मोटारी असल्याने काही बिघडले नाही. व्हीएफडीचा, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हचा, भार असता तर असा टेस्टर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि तपास भलतीकडे जातो. तिथे लहर कशीही असली तरी खरे मूल्य मोजणारा ट्रू आरएमएस टेस्टरच हवा.

दुसरे, दोन फेज मेलेल्या असणे. व्होल्टेजच्या दोन तारांतले फ्यूज उडालेले असले, किंवा दोन सीटींचे शॉर्टिंग लिंक, म्हणजे सेकंडरीची दोन टोके एकमेकांना जोडणारे दुवे, काम संपल्यावर काढायचे राहून गेले असले, तर मीटर एकाच फेजची वीज मोजतो.

तिसरे, तीनपैकी एक एलिमेंट उलटे चालणे. मीटर तिन्ही एलिमेंटची बेरीज करतो. एक फेज उणे झाली की एक अधिक एक वजा एक, उरतो एक. इथल्या आकड्यांनी: २४.५ वजा २४.१ अधिक २४.९ म्हणजे २५.३ किलोवॅट. पल्स मोजून आलेला आकडा अगदी हाच होता. दोन फेज मेलेल्या असत्या तर २४ ते २५ च्या दरम्यान काहीतरी आले असते. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की मोजणीतल्या अर्ध्या सेकंदाच्या फरकावर निकाल देणे धोक्याचे. चाचणीच हवी.

दोन फेजच्या सीटीच्या तारांची अदलाबदल, म्हणजे आरचा करंट वायच्या एलिमेंटला आणि वायचा आरला, हीदेखील नेहमीची चूक आहे. पण तिचा परिणाम वेगळा असतो. समतोल भारावर तसे झाले तर बेरीज जवळजवळ शून्य येते आणि मीटर थांबल्यासारखा वाटतो. तिन्ही तारा एकेक घर सरकल्या तर ०.८५ पॉवर फॅक्टरला, सरकण्याच्या दिशेप्रमाणे, एकूण उणे तरी येते किंवा शून्याच्या अगदी जवळ. त्यामुळे त्या दोन शक्यता सुरुवातीलाच बाजूला ठेवता आल्या. तरी खातरजमा म्हणून मीटरच्या व्होल्टेज टर्मिनल २ आणि आर बसबार यांच्यामध्ये व्होल्टमीटर धरला. शून्य आले, म्हणजे दोन्ही एकाच फेजवर आहेत. फेज वेगळी असती तर ४१५ आले असते, आणि फ्यूज उडालेला असता तर वाचन अधांतरी राहिले असते. टर्मिनल ५ आणि ८ यांचीही अशीच खात्री केली. ही तपासणी जिवंत बसबारवर होते. त्यासाठी किमान कॅट थ्री ६०० व्होल्ट या सुरक्षा-दर्जाचे मीटर, फ्यूज असलेले प्रोब आणि हातमोजे घालून काम करणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

अ‍ॅमीटरने का सांगितले नाही

दारावरच्या तिन्ही अ‍ॅमीटरच्या डायलवर खाली कोपऱ्यात बारीक चिन्हे छापलेली होती: वेटोळ्याची नागमोडी रेघ आणि तिच्यातून गेलेली उभी पट्टी, एक लहरीची खूण, १.५ हा आकडा, उभी रेघ आडव्या रेघेवर, आणि चांदणीच्या आत २. अनुक्रमे अर्थ असा. मूव्हिंग आयर्न उपकरण, एसीसाठी, पूर्ण स्केलच्या दीड टक्क्याची अचूकता, डायल उभा ठेवून वापरायचे, इन्सुलेशनची चाचणी २ किलोव्होल्टला झालेली. ही चिन्हे आयईसी ६००५१ या मानकातली आहेत आणि ड्रॉइंगवरच्या चिन्हांपेक्षा वेगळी भाषा बोलतात. ड्रॉइंगवरचे चिन्ह ‘काय मोजतो’ ते सांगते, डायलवरचे ‘कसा मोजतो’ ते.

या प्रकरणाची अर्धी उकल त्या नागमोडी चिन्हात होती. मूव्हिंग आयर्नमध्ये काट्यावरचा जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. उणे तीनचा वर्गही नऊच. सीटी सुलटा असो की उलटा, काटा १२० वरच थांबणार. एनर्जी मीटरमध्ये मात्र व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार होतो, आणि करंट उलटला की गुणाकार उणे होतो. त्यामुळे अ‍ॅमीटर बरोबर दिसतो म्हणून सीटी बरोबर आहे असे म्हणता येत नाही. सीटी जिवंत आहे आणि गुणोत्तर योग्य आहे, एवढेच अ‍ॅमीटर सांगू शकतो.

पॉवर फॅक्टर मीटर दिशा ओळखतो, कारण तोही व्होल्टेज आणि करंट यांच्यातला कोन पाहतो. पण समतोल भारासाठीचा हा मीटर करंट एकाच फेजचा घेतो, आणि इथे तो आर फेजच्या सीटीवर होता. वायवर असता तर काटा स्केलच्या भलत्याच भागात गेला असता आणि चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

डायलवरचा १.५ हा आकडा वाचायची पद्धतही नीट ठेवावी. ही चूक पूर्ण स्केलची आहे. २०० अँपिअरच्या स्केलवर कुठेही ३ अँपिअर इकडे तिकडे. १२० वर ती अडीच टक्के होते, पण २० अँपिअरवर पंधरा टक्के. शिवाय मूव्हिंग आयर्नचे स्केल सुरुवातीला दाटलेले असते. कमी भारावरच्या वाचनांवरून असा ताळा घेऊ नये.

उलटा कोणता, हे शोधताना

इथून पुढे सीटीच्या सेकंडरीला हात लागणार होता. प्रायमरीत करंट वाहत असताना सेकंडरी कधीही उघडायची नाही. सेकंडरीत करंट असेपर्यंत तो प्रायमरीच्या चुंबकीय परिणामाला जवळजवळ पूर्ण छेद देतो. तार सुटली की प्रायमरीचा सगळा करंट गाभ्याला चुंबकित करण्यात जातो, गाभा संपृक्त होतो आणि सेकंडरीच्या उघड्या टोकांवर हजारो व्होल्टची शिखरे तयार होऊ शकतात. माणसाला झटका बसतो, इन्सुलेशन फुटते, सीटी जळतो. जळाला नाही तरी गाभ्यात चुंबकत्व उरून पुढची अचूकता बिघडू शकते. म्हणून टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर आधी शॉर्टिंग लिंक घट्ट बसवायचा, त्यानंतरच मीटरच्या बाजूची सरकपट्टी उघडायची. परत जोडताना हाच क्रम उलटा.

काही न उघडता होणारी चाचणी सर्वांत आधी केली. तिन्ही सीटींचे एस-२ एकत्र जोडून तिथे एका जागी अर्थ केलेले, म्हणजे जमिनीशी जोडलेले होते आणि मीटरमधून परत येणारी सामाईक तार तिथेच येत होती. भार समतोल आणि तिन्ही सीटी सुलटे असतील तर या तारेत जवळजवळ काहीच करंट नसायला हवा. तिन्ही एकमेकांना खोडून काढतात. छोट्या करंटचा टाँग टेस्टर लावला तर ६ अँपिअर दिसले. प्रत्येक फेजच्या सेकंडरीत ३ अँपिअर होते. एक फेज उलटी असेल तर परतीच्या तारेत फेजच्या दुप्पट करंट येतो, आणि नेमके तेच आले. दोन सीटी शॉर्ट केलेले असते तर इथे ३ आले असते. म्हणजे ‘दोन फेज मेलेल्या’ ही शक्यता इथेच निकाली निघाली. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि वायरिंगला धक्का लागत नाही. थ्री-फेज मीटरिंगच्या प्रत्येक तपासाची सुरुवात इथून व्हावी.

मग कोणती फेज, हे ठरवण्यासाठी एकेक सीटी शॉर्ट करून पल्स मोजल्या. लिंक बसवल्यावर त्या फेजचा अ‍ॅमीटर शून्याजवळ आला की लिंक नीट लागला असे समजायचे, आणि मगच सरकपट्टी उघडायची.

आर शॉर्ट केला: मीटर जवळजवळ थांबला, एका पल्सला सुमारे ५६ सेकंद. म्हणजे ०.८ किलोवॅट.
बी शॉर्ट केला: त्याहून हळू. ०.४ किलोवॅट.
वाय शॉर्ट केला: दहा पल्स ९.१ सेकंदांत. ४९.४ किलोवॅट.

एक फेज मोजणीतून काढून टाकली तर आकडा कमी व्हायला हवा. वाय काढल्यावर तो जवळपास दुप्पट झाला. वाय फेज आतापर्यंत वजा होत होती.

ज्या मीटरमध्ये फेजनिहाय पॉवर दाखवणारे पान असते, तिथे ही मेहनत वाचते. वायसमोर उण्याचे चिन्ह दिसते. हा मीटर फक्त एकूण आकडा दाखवणारा होता. काही इलेक्ट्रॉनिक मीटर प्रत्येक फेजचे चिन्ह सोडून फक्त मूल्ये बेरजेला घेतात. तसा मीटर इथे असता तर युनिट बरोबर आली असती आणि सीटी वर्षानुवर्षे उलटाच राहिला असता. पुढे कधीतरी मीटर बदलला की चूक अचानक उगवली असती.

तारा बरोबर, सीटी पाठमोरा

वायच्या सीटीचा एस-१ नंबरच्या तारेने मीटरच्या टर्मिनल ४ ला जात होता, टर्मिनल ६ मधून परतीच्या तारेत. ड्रॉइंगप्रमाणे बिनचूक. म्हणून वायरिंगच्या तपासणीत काही सापडले नव्हते आणि सापडणारही नव्हते.

पुरवठा बंद केला. इनकमरला कुलूप आणि फलक लावला, टेस्टर आधी जिवंत जागी तपासून घेतला, बसबार मृत असल्याची खात्री केली आणि टेस्टर पुन्हा जिवंत जागी तपासला. मग सीटींकडे नीट पाहिले. आर आणि बी च्या सीटीवर पी-१ ही खूण पुरवठ्याच्या बाजूला होती. वायच्या सीटीवर ती भाराच्या बाजूला. मधल्या बसबारवर जागा अडचणीची होती आणि सीटी सुलटा बसवला तर त्याची नेमप्लेट मागच्या पत्र्याकडे जात होती. नेमप्लेट समोरून वाचता यावी म्हणून बसवणाऱ्याने तो फिरवून बसवला. त्याने ड्रॉइंग मोडले नाही, कारण कोणती बाजू पुरवठ्याकडे हवी हे ड्रॉइंगवर कुठेच नव्हते.

नेमप्लेटच्या खुणेवर विसंबून न राहता ध्रुवतेची चाचणीही केली. १.५ व्होल्टच्या सेलचे धन टोक पी-१ कडून, ऋण पी-२ कडून, सीटीतून ओवलेल्या तारेला. सेकंडरीवर मधोमध शून्य असलेला मूव्हिंग कॉइल मिलीअ‍ॅमीटर, धन टोक एस-१ ला. तार क्षणभर टेकवली की काटा धन बाजूला झटका देतो, सोडली की ऋण बाजूला. तसे झाले म्हणजे खुणा खऱ्या. ही चाचणी मूव्हिंग कॉइलनेच होते, कारण त्याच्या काट्याची दिशा करंटच्या दिशेप्रमाणे बदलते. डायलवर नालेच्या आकाराचे चुंबक आणि त्यात छोटा आयत असे चिन्ह असेल तेच उपकरण घ्यावे. मूव्हिंग आयर्न मीटर लावून ‘ध्रुवता तपासली’ असे म्हणणे निरर्थक आहे.

दुरुस्ती दोन प्रकारे करता आली असती. सोपा मार्ग म्हणजे वायच्या सीटीवर एस-१ आणि एस-२ च्या तारांची अदलाबदल. विजेच्या दृष्टीने तो पूर्ण बरोबर आहे आणि बसबार उघडावा लागत नाही. पण मग एका फेजवर एस-२ मीटरकडे आणि एस-१ अर्थकडे, बाकी दोन फेजवर उलट, अशी स्थिती होते. पुढचा माणूस तीन सीटी शेजारी शेजारी पाहील, एकाच्या तारा ‘चुकलेल्या’ दिसतील आणि तो त्या सद्‌हेतूने ‘दुरुस्त’ करील. म्हणून बसबारचा जोड उघडून सीटीच फिरवला. जोडाचे पृष्ठभाग साफ केले, बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळले, आणि नेमप्लेटवरचा मजकूर वेगळ्या पट्टीवर लिहून ती समोर लावली.

वायरिंग उघडलेच होते म्हणून दोन गोष्टी सोबत पाहून घेतल्या. सेकंडरीची अर्थ लिंक काढून, मीटर वेगळे करून, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासले. ते चांगले आले, आणि अर्थ लिंक परत लावली. ही लिंक परत लावायची फार वेळा राहून जाते. दुसरे म्हणजे सीटीवरचा बोजा. सीटी ते मीटर १० मीटर, जाऊन येऊन २० मीटर, २.५ चौरस मिलिमीटर तांबे. रोध सुमारे ०.१५ ओहम, ५ अँपिअरला ३.७ व्हीए. अ‍ॅमीटर आणि मीटर धरूनही १० व्हीएच्या बरेच आत.

बुडालेली युनिट मोजताना

चुकीच्या काळातला खप भरून काढायचा होता. ‘एक तृतीयांश नोंदले, तेव्हा तिप्पट करा’ हा सल्ला लगेच पुढे आला. तो बरोबर नाही. तिप्पट फक्त पूर्ण समतोल भारालाच लागू आहे. तिन्ही फेजचा पॉवर फॅक्टर सारखा धरला तर गुणक असा निघतो: तिन्ही करंटची बेरीज भागिले आर वजा वाय अधिक बी.

सकाळच्या वाचनांना ३६० भागिले १२४, म्हणजे २.९०. पूर्ण भारावर १५०, १४९ आणि १५२ अँपिअर होते; तिथे ४५१ भागिले १५३, म्हणजे २.९५. जेवणाच्या सुट्टीत ४५, ३८ आणि ४७. तिथे १३० भागिले ५४, म्हणजे फक्त २.४१. वायवर भार इतरांपेक्षा जास्त असता तर गुणक तीनच्याही पुढे गेला असता. म्हणून पाळीचे तीन भाग पाडून प्रत्येकाला त्याचा गुणक लावला आणि एकूण आकडा मुख्य मीटरवरच्या त्याच दिवसांच्या खपाशी ताडला. पूर्ण समतोल असेल तर उलट्या सीटीचा गुणक पॉवर फॅक्टरवर अवलंबून नसतो. फेजांची अदलाबदल झालेली असती तर हा मागचा हिशेब करणे जवळपास अशक्य झाले असते.

पुन्हा वीज सोडल्यावर

सीटीच्या सेकंडरी शॉर्ट ठेवूनच पुरवठा सुरू केला, मग लिंक एकेक काढले. भार पूर्ववत झाल्यावर १२०, ११८, १२२ अँपिअर, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८५. दहा पल्स ६.१ सेकंदांत. परतीच्या तारेत ०.१ अँपिअरपेक्षा कमी. तीन फेजमधल्या थोड्याशा असमतोलाने तेवढा यायलाच हवा.

ड्रॉइंगच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक सीटीच्या चिन्हाला दोन्ही ठिपके काढले, पी-१ आणि पी-२ लिहिले, बसबारवर पुरवठ्याकडून भाराकडे जाणारा बाण काढला, आणि शेजारी गुणोत्तर, वर्ग, व्हीए व अर्थिंगची जागा दिली. एनर्जी मीटरच्या आयताशेजारी टर्मिनलचे नंबर आले: करंटची १-३, ४-६, ७-९, व्होल्टेजची २, ५, ८ आणि न्यूट्रल ११. बसबारलगतच्या पत्र्यावर प्रत्येक फेजसमोर ‘पी-१ वरच्या बाजूला’ असे रंगवले. दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवली: ‘४५० भागिले दहा पल्सचे सेकंद = किलोवॅट. अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर आणि पीएफ यांच्या गुणाकाराशी जुळवा. अर्ध्या भाराखाली जुळवू नका. सीटी किंवा मीटर बदलल्यास परतीच्या तारेचा करंट मोजून इथे तारखेसह लिहा.’ पहिली नोंद ०.०९ अँपिअरची आहे.